सहस्रचंद्रदर्शनाची गौरविका, कामाची नोंद : मजकूर जुळत आला, फोटोंची पानं बाकी

पत्नीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नवऱ्याने लिहायची 64 पानी गौरविका, असं हे काम. मजकुराचा दुसरा खर्डा झाला आहे, त्यातला निम्मा तिच्या नजरेखालून गेला आहे. फोटो अजून लागायचे आहेत. असंच काम हाती घेतलेल्यांसाठी इथवरचा तपशील.

आधी तारीख पक्की करा. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण 29,530 दिवस, 80 वर्षं आणि 10 महिने. घरोघरी एक्क्याऐंशीव्या वर्षातला सोयीचा दिवस धरतात ते ठीक, पण मोजणीला जन्मतारीख खरी लागते. शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसली की जरा थांबायचं. त्या पिढीत पहिलीत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी सर्रास 1 जून लिहिली आहे. जन्मपत्रिका असेल तर तिच्यावरून चालावं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, मात्र 1 जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथींना 79 मिळवायचे. माघ शके 1866 चा जन्म 1945 मधला, 1944 चा नव्हे. ही चूक राहिली तर लग्नातलं वय, नोकरीची वर्षं, सगळंच एका वर्षाने सरकतं.

माहेरचं नावही पहिल्याच पानावर टिपून ठेवा. लग्नात नाव बदललेलं असलं की प्रशस्तिपत्रकं, फोटोमागची अक्षरं, मैत्रिणींची पत्रं, सगळं जुन्या नावाने सापडतं. ते नाव न सांगता कपाट धुंडाळायला दिलं, तर मुलं नेमके तेच कागद बाजूला टाकतात.

गप्पा रेकॉर्ड करताना एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. फोन एअरप्लेन मोडवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, रुमालाच्या घडीवर ठेवावा. नुसत्या टेबलावर कपबशीचा प्रत्येक आवाज घुमतो. पंखा बंद, कुकर आधी उतरवलेला. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून लांबलचक फाइली साठवू नयेत, त्याच आठवड्यात उतरवाव्यात. बोलून टाइप करण्याची सोय प्रमाण मराठीला बरी चालते. माहेरची बोली, गावांची आणि माणसांची नावं मात्र हमखास बिघडतात. ती कानाने ऐकूनच दुरुस्त करावी लागतात.

‘तुझं बालपण कसं होतं?’ या प्रश्नाला ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पाणी कुठून भरायचात? किती खेपा? कळशी कोणाची?’ असं विचारलं की अख्खी आळी उभी राहते. वस्तू हातात दिली तर आणखी उत्तम: लग्नपत्रिका, लोणच्याचं प्रमाण लिहिलेली वही, पोस्टाचं पासबुक. कालनिर्णय 1973 पासून निघतं. जुनी माळ्यावर बांधून ठेवलेली असतील तर खजिनाच. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पाहुण्यांचं येणं-जाणं, सगळं तिच्या अक्षरात मिळतं, आणि आठवणीपेक्षा ते विश्वासाचं असतं.

सगळ्यात जास्त वेळ भाषेला द्यावा लागतो. हयात माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप भूतकाळात जातो आणि परिच्छेद श्रद्धांजलीसारखा वाचला जातो. उपाय सोपा आहे: पहिल्या खर्ड्यातल्या प्रत्येक ‘होती’, ‘असायची’, ‘करायची’खाली रेघ मारायची. जे खरंच थांबलं, म्हणजे नोकरी, विहिरीचं पाणी, सासूबाईंचं सोवळं, तिथेच भूतकाळ ठेवायचा. बाकी सगळं वर्तमानात आणायचं. त्याच फेरीत ‘खंबीर साथ’, ‘त्यागमूर्ती’, ‘साक्षात अन्नपूर्णा’ काढून टाका. हे शब्द कोणाच्याही बायकोला बसतात. पहिल्या खर्ड्यात होतं: ‘तिने काटकसरीने संसार केला.’ आता आहे: ‘दुधाचे खाडे ती आजही कालनिर्णयावर मांडते. दूध आलं नाही तर फुली, अर्धा लिटर जास्त घेतलं तर तारखेशेजारी बारीक अर्धा. महिनाअखेरीला दूधवाला स्वतःची वही न उघडता तिचाच आकडा धरतो.’ असं वाक्य जोडीदारालाच लिहिता येतं, आणि ते खरं की नाही हे सांगायला ती समोर आहे.

म्हणून ही गौरविका गुपचूप करू नये, असं स्पष्ट मत आहे. मुलांना आश्चर्याचा धक्का द्यायची हौस असते; त्यांच्यासाठी मुखपृष्ठ आणि प्रस्तावना झाकून ठेवा. बाकी मजकूर तिला वाचून दाखवायचा, एका वेळी चार पानांहून जास्त नाही, आणि लाल पेन्सिल तिच्या हातात द्यायची. ती खोडेल ते जाईल, कारण विचारायचं नाही. आजारपण, पैशांची ओढाताण, जावाजावांतलं वितुष्ट हे नवऱ्याला ठाऊक असतं ते लग्नाच्या नात्याने. छापायचा हक्क त्यातून मिळत नाही. ती खोडते तिथे पुष्कळदा स्वतःच काहीतरी सांगायला लागते. तेव्हा रेकॉर्डर सुरू असू द्या, अर्थात तिला सांगून.

नातेवाइकांना ‘आईवर काहीतरी लिहून पाठवा’ म्हणू नये. सगळ्यांकडून तेच विशेषण येतं. प्रत्येकाला वेगळा प्रश्न आणि 150 शब्दांची मर्यादा द्यावी. जो तिला काकू म्हणतो त्याच्या मजकुरात काकूच राहू द्या.

फोटो कृष्णधवल असला तरी ग्रेस्केलमध्ये (नुसत्या करड्या छटांत) न करता रंगीतच, 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), टिफ या फाइलप्रकारात स्कॅन करा. डाग काढणं सोपं जातं. छपाईच्या फाइलमध्ये मात्र ग्रेस्केल, नाहीतर करड्यावर हिरवट-तांबूस झाक येते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, वरचा थर सुटतो. पानासकट स्कॅन करा. मागचा स्टुडिओचा शिक्का आणि अक्षरंही स्कॅन करायची, आणि नवी नावं मऊ पेन्सिलीने लिहायची. बॉलपेनचा दाब समोर उमटतो. समूहफोटोवर बटर पेपर धरून डोक्यांचे आकार काढा, आकडे घाला आणि आकड्यांनुसार नावं तिच्याकडून घ्या. हे काम सगळ्यांत आधी करायला हवं, कारण दुसऱ्या रांगेतली मावसबहीण कोण हे सांगणारं घरात बहुधा तीच एकटी उरलेली असते. परगावचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आले की बारीक होतात.

बांधणी : आकार साडेआठ बाय साडेपाच इंच, 16 पानांचे चार फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे). तीन मजकुराचे, 80 जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) नॅचरल शेडवर, म्हणजे किंचित पिवळसर कागदावर. एक फोटोंचा, 130 जीएसएम आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर. मधे पिना मारायच्या असल्याने फोटोंचा फॉर्म मधोमध, म्हणजे पान 25 ते 40 असाच बसतो. घडीत मधली पानं बाहेर सरकतात आणि कापणीत त्यांची कड जास्त जाते, म्हणून पृष्ठक्रमांक कडेपासून 12 मिलिमीटर आत घेतले आहेत. वाचणारे ज्येष्ठ, तेव्हा अक्षर 15 पॉइंट. पानाला 200 शब्द बसतात, एकूण मजकूर साडेआठ हजारांच्या आसपास.

पानं जुळवायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. श्रीलिपी या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ एकेक करून तपासा; ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍या’ किंवा ‘दुसर्या’ होऊन बसतं आणि शब्दतपासनीस ते पकडेलच असं नाही.

आता उरलं आहे ते समूहफोटोंखालच्या नावांच्या ओळी आणि मजकुराचा उरलेला निम्मा वाचून घेणं. फाइल छापखान्यात समारंभाच्या किमान तीन आठवडे आधी जायला हवी; एक छापील प्रूफ तिच्यासमोर ठेवूनच बाकीच्या प्रती सांगायच्या.