खुर्चीची आधी ओळख
माझ्या स्वमग्न मुलाला दंतवैद्याकडे भीती वाटते ती दुखण्यापेक्षा अनोळखीपणाची, हे उमगायला मला बराच काळ लागला. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेल्या ‘सामाजिक गोष्टीं’च्या (सोशल स्टोरीज), म्हणजे एखादा प्रसंग छोट्या गोष्टीतून आधीच समजावून देण्याच्या, पद्धतीवरून मी दवाखान्याचे दार, खुर्ची, डोळ्यांवर येणारा दिवा आणि लाळ ओढणारी नळी यांची छायाचित्रे टॅबलेटवर क्रमाने लावून त्याला रोज दाखवली. दात साफ करण्याच्या यंत्राचा आवाजही, डॉक्टरांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून, आधी अगदी हळू आणि मग थोडा मोठा ऐकवला. पहिल्या भेटीत तो केवळ खुर्चीत बसला. ती भेट वाया गेली, असे मी मानत नाही. तिसऱ्या भेटीत, कानांवर हेडफोन लावून पडद्यावरचे आकडे उतरताना पाहत, त्याने १० सेकंद तोंड उघडले. घरचा ब्रश मात्र अजून रोजची लढाईच आहे.