तीनशे छत्तीस

इंदूरला रामबागेत राहत्या घरीच मी अकरावीच्या मुलांना गणित शिकवते. त्या संध्याकाळी संचयाचं, म्हणजे क्रम न बघता निवड करण्याचं, प्रकरण चालू होतं. उदाहरण नेहमीचंच: सहा मुलगे, चार मुली, त्यांतून पाच जणांचा गट करायचा आणि त्यात निदान दोन मुली हव्यातच; तर असे गट किती?

एका मुलाने आधी दोन मुली निवडल्या, ६ प्रकारे. "अट पुरी झाली ना काकू? आता उरलेल्या आठांतले कुठलेही तीन घेतो." ते ५६ प्रकार. गुणाकार ३३६.

अट नसतानाच दहांतून पाचांचे गट होतात २५२, मग अट घातल्यावर ते वाढतील कसे? एवढं सांगून मी बरोबर रीत फळ्यावर मांडली. दोन मुली नि तीन मुलगे ६ × २० = १२०, तीन नि दोन ४ × १५ = ६०, चारही मुली नि एक मुलगा १ × ६ = ६. एकूण १८६. मुलग्यांच्या बाजूचे २०, १५, ६ हे आकडे भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत सहा रसांच्या मिश्रणांसाठी काढून ठेवलेत, हेही सांगितलं. मला ते दरवेळी सांगावंसं वाटतंच.

त्याचं समाधान होईना. "ते कळलं, काकू. पण माझं चुकलं कुठे?"

हा प्रश्न मी कित्येक वर्षं "तू आपले भाग पाडून कर" म्हणून टाळत आले होते. त्या दिवशी टाळवेना. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या दहा चिठ्ठ्या केल्या, मुलींची अक्षरं लाल, मुलग्यांची निळी, आणि सतरंजीवर पसरल्या.

"क आणि ख आधी उचल. मग ग नि दोन निळ्या घे. लिहून ठेव. आता आधी क-ग उचल, मागून ख."

त्याने उचलल्या. निळ्या त्याच. तिसऱ्यांदा ख-ग उचलताना हात मध्येच थांबला.

"अहो, हा तर तोच गट! मी तीनदा मोजला!"

"आणि चारही मुली असतील तेव्हा?"

तो बोटांवर जोड्या मोजत बसला. सहा. मग काही न विचारता त्याने वही ओढली. ३३६ मी खोडायला सांगितलं होतं, त्याने खोडलं नाही. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: १२० एकदा, ६० तीनदा, ६ सहादा. १२० + १८० + ३६. बेरीज केली आणि वही माझ्यापुढे धरली.