मीटिंगचं गाव पुणे

गेल्या शनिवारी रात्री झोपण्याआधी ओव्हनचं घड्याळ एक तास मागे केलं. फोन आणि लॅपटॉप आपले आपण बदलतात, ओव्हन आणि भिंतीवरचं घड्याळ मात्र हातानं लावावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता इथे आयर्लंडमध्ये पुन्हा एक वाजतो आणि हिवाळ्याची वेळ सुरू होते. सकाळी साताऱ्याला फोन लावला तर आईचा पहिला प्रश्न, "मागे की पुढे?" साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक आपल्या वेळेचं, आणि त्याच्या शेजारी, मी डब्लिनला आले तेव्हा बाबांनी लावलेलं दुसरं, माझ्या वेळेचं. "मागे," म्हटलं. मग शेजारचा मुलगा आला, स्टुलावर चढला, काटे फिरवले, आणि आईनं फोनवरच ताळा करून घेतला, "म्हणजे आता साडेपाच तास. उन्हाळ्यात साडेचार."

तिनं दोन वाक्यांत सांगितलेलं हे गणित आमच्या कामात नीट बसवायला मला पाच वर्षं लागली. गणित अवघड नव्हतंच. ते कुणाच्या घरात जाऊन बसतं, हे बघायला वेळ लागला.

आमची टीम तीन गावांत आहे. हिंजवडी, डब्लिन आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. डब्लिन आणि सॅन होजेमध्ये एरवी आठ तासांचं अंतर. पुणे आणि सॅन होजेमध्ये उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. हिंजवडीत संध्याकाळी साडेसहाला लोक घरी निघतात तेव्हा सॅन होजेत पहाटेचे सहा नाहीतर पाच वाजलेले असतात. या दोन गावांना ऑफिसच्या वेळेतला एकही तास सामाईक मिळत नाही. डब्लिन मध्ये पडतं. सकाळी आम्ही पुण्याशी बोलू शकतो, संध्याकाळी कॅलिफोर्नियाशी. पण तिघांना एकत्र बसायचं म्हटलं की कुणाची तरी रात्र जाणार, नाहीतर कुणाची तरी पहाट.

वर्षानुवर्षं ती पुण्याची रात्र गेली. मी सात वर्षं हिंजवडीत होते, म्हणून हे मला आतून माहीत आहे. साडेसहाला निघायचं, वाकडच्या ट्रॅफिकमधून आठला घर गाठायचं, भाजी फोडणीला टाकायची, मुलाचं जेवण उरकायचं, आणि हिवाळ्यात सव्वानऊला जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिथे लॅपटॉप उघडायचा. साडेनऊला कॉल सुरू झाला की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करायच्या. इतका कमी, की त्यांना स्वतःलाही मालिका ऐकू यायची नाही. नुसती चित्रं बघत बसायच्या. मुलाला कळायचं की आता आईशी बोलायचं नाही, तो पाण्याचा ग्लास हवा असला तरी दारातून खूण करायचा. इन्व्हाइट एकटीच्या नावानं असायचं, पण त्या मीटिंगला आमचं सगळं घर हजर असायचं.

२०१९ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला आले आणि तीच मीटिंग माझ्यासाठी दुपारी चारला आली. कॉफीचा कप हातात, बाहेर लख्ख उजेड. खरं सांगते, पहिले काही महिने मला फक्त हायसं वाटलं.

पहिली मोठी चूक माझ्याच हातून झाली. मे महिना होता. इथल्या एका ग्राहक कंपनीबरोबर पुण्याच्या टीमची पहिली भेट ठरवायची होती. मी कॅलेंडरचं इन्व्हाइट न पाठवता साध्या मेलमध्ये लिहिलं, 'गुरुवारी दुपारी ३, आयएसटी'. आयएसटी म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम, ही अक्षरं इतकी अंगवळणी पडलेली की दुसरा अर्थ मनातही आला नाही. पण आयर्लंडमध्ये आयएसटी म्हणजे आयरिश स्टँडर्ड टाइम! पुण्याची चार माणसं त्यांच्या तीन वाजता कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन लावून बसली. डब्लिनला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ग्राहकाची माणसं दुपारी तीनला येणार होती, म्हणजे पुण्याच्या संध्याकाळी साडेसातला. मी सगळ्यांची माफी मागितली. पुण्याची चौघंही थांबली, आणि साडेसातला तेच प्रेझेंटेशन दिलं. एकाच्या मुलीची शाळेतली दुसऱ्या दिवशीची तयारी राहिली, एकाची कंपनीची बस गेली.

नंतर वाचलं तेव्हा गंमत कळली. बाकी युरोप उन्हाळ्याच्या वेळेला बदललेली वेळ मानतो. आयर्लंडच्या १९६८ च्या कायद्यानुसार मात्र उन्हाळ्याचीच वेळ इथली प्रमाणवेळ आहे. १९७१ च्या दुरुस्तीनं हिवाळ्यात ती एक तास मागे नेली. म्हणजे आयरिश लोक आयएसटी लिहितात ते अगदी बरोबर लिहितात. इस्रायलचीही अक्षरं तीच. त्या गुरुवारनंतर मी कुठल्याही निमंत्रणात अक्षरं लिहिली नाहीत. 'पुणे रात्री ८.३०, डब्लिन दुपारी ४, सॅन होजे सकाळी ८', असं गावांच्या नावानं लिहिते. परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. वेळेपुढे गावाचं नाव लिहा.

आमच्या कॅलिफोर्नियातल्या एका सहकाऱ्यानं मला एकदा विचारलं होतं की तुमच्या देशाला हा अर्धा तास कशासाठी हवा. मी त्याला मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त सांगितलं, देशाच्या साधारण मधोमध म्हणून ते घेतलं, म्हणून ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. पण ती वेळसुद्धा सगळ्यांनी लगेच आपली मानली नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई आपल्या सूर्याला धरून, त्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिली. शहरात स्टेशनावर एक वेळ आणि पालिकेच्या घड्याळात दुसरी. हे १९५५ पर्यंत चाललं. माझे आजोबा नोकरीला मुंबईत आले त्या काळात भेटायची वेळ ठरवताना "मुंबई टाइम की रेल्वेचा?" असं विचारून घेत, असं ते सांगायचे.

आणि डब्लिनचंही तसंच निघालं, म्हणून मला हे शहर थोडं जास्त आपलं वाटायला लागलं. ओ'कॉनेल पुलाजवळ बॅलास्ट ऑफिसची इमारत आहे. मी रोज तिच्यासमोरून जाते. तिथल्या जुन्या घड्याळाला शहराबाहेरच्या डनसिंक वेधशाळेकडून वेळ मिळायची, आणि ती ग्रीनिचच्या २५ मिनिटं २१ सेकंद मागे होती. १८८० च्या कायद्यानं हीच आयर्लंडची अधिकृत वेळ ठरली होती. १९१६ च्या एप्रिलमध्ये इथे ईस्टरचा उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या संसदेनं डब्लिनची वेळ रद्द करून ग्रीनिचची लागू केली. त्या रात्री ब्रिटनमध्ये उन्हाळ्याची वेळ संपून घड्याळं एक तास मागे गेली. आयर्लंडमध्ये ती फक्त ३५ मिनिटं मागे गेली, उरलेली पंचवीस मिनिटं कायमची गेली. इथल्या पुष्कळ लोकांना तेव्हा त्याचा राग आला होता. कुणाच्या घड्याळानं चालायचं हे दुसऱ्यानं ठरवलं की काय वाटतं, ते मुंबईकराला आणि डब्लिनकराला सारखंच समजावं.

बाबांची एक युक्ती इथेच सांगते. मनगटी घड्याळ उलटं धरायचं, बाराचा आकडा खाली. भारतातले साडेतीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात मिनिटकाटा वर जातो आणि तासकाटा नऊ-दहाच्या मधे दिसतो. तो पुढच्या आकड्यावर आहे असं धरायचं, झाले डब्लिनचे दहा. पण हे फक्त हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युक्ती एका तासानं चुकायला लागते, आणि मग बाबा घड्याळ सरळ करून बोटांवर मोजतात.

खरा घोळ होतो तो वर्षातल्या तीन-चार आठवड्यांत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधे दोन-तीन आठवडे अमेरिकेशी असलेली अंतरं एका तासानं सरकलेली असतात. शरद ऋतूत युरोप आधी मागे येतो, अमेरिका एक आठवडा नंतर. युरोपियन संसदेनं २०१९ मध्ये हा खेळ थांबवण्याच्या बाजूनं मतदान केलं, पण देशांचं एकमत झालं नाही. आयर्लंडचाही विरोध होता, कारण ब्रिटननं बदललं नाही तर या एकाच बेटावर दोन वेळा होतील. भारताचं घड्याळ मात्र हलत नाही. तरी या प्रत्येक बदलाचा चटका पुण्याला बसतो, कारण मीटिंग बांधलेली असते बदलणाऱ्या गावाच्या वेळेला.

२०२४ ची दिवाळी नेमकी त्या आठवड्यात आली. २७ ऑक्टोबरला इथली घड्याळं मागे आली, ३ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, अमेरिकेची. आमची गुरुवारची मीटिंग मी डब्लिनच्या चार वाजता लावलेली होती. उन्हाळाभर ती पुण्यात साडेआठला व्हायची, त्या गुरुवारी ती आपोआप साडेनऊला गेली. तारीख ३१ ऑक्टोबर. पुण्यात नरक चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. इथे हॅलोविन. अंधार पडला की मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायला जातात, म्हणून आमचा मॅनेजर सुरुवातीलाच म्हणाला, मी साडेचारला निघेन, मुलं वाट बघतायत. सगळ्यांनी हसून हो म्हटलं.

पुण्याहून आमची टेस्टिंगची मुलगी बोलत होती. तिच्या मागे खिडकी, खिडकीत केशरी आकाशकंदील वाऱ्यानं हलत होता, आणि त्याचा उजेड तिच्या गालावर येत-जात होता. प्रश्न आला की ती माइक उघडायची, तेवढ्यात खाली माळ लागायची, ती "सॉरी" म्हणून माइक बंद करायची, माळ संपायची वाट बघायची, पुन्हा उघडायची. पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी सॉरी. मागून कुणीतरी दारातून डोकावून गेलं, तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली. ती खूण मला माझ्या घरातली वाटली. साडेचारला मॅनेजर निघून गेला. ती सव्वादहापर्यंत बसली.

नंतर तिचा चॅटवर मेसेज आला, "ताई, पुढच्या दिवाळीत साडेआठलाच ठेवता येईल का?" एवढंच. मी रात्री बराच वेळ तो मेसेज उघडून बसले होते. आयर्लंडमध्ये १ एप्रिल २०२१ पासून कामाची वेळ संपल्यावर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची संहिता लागू आहे. आमच्या ऑफिसात ती सगळ्यांना समजावून सांगितली गेली, आणि त्याच ऑफिसातून मी पुण्याला रात्री साडेनऊचं इन्व्हाइट पाठवत होते.

पुढच्या सोमवारी मी कॅलेंडरमध्ये त्या मीटिंगचा टाइम झोनच बदलला. यादीत साडेपाच तासांपुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात, पुणे नसतं. ते निवडलं आणि वेळ लिहिली रात्री ८.३०. एवढं केलं की पुण्याची वेळ बाराही महिने हलत नाही, जो घड्याळ बदलतो त्याची मीटिंग बदलते. डब्लिनला उन्हाळ्यात चार, हिवाळ्यात तीन. सॅन होजेला आठ आणि सात.

सगळं लगेच जुळलं नाही. सॅन होजेच्या सहकाऱ्याला हिवाळ्यात साडेसातला मुलांना शाळेत सोडायचं असतं, त्याची अडचण खरी होती. त्याचंही घर होतंच की. शेवटी आम्ही दर आठवड्याची तिघांची मीटिंगच मोडली. मंगळवारी पुणे आणि डब्लिन, पुण्याच्या दुपारी दीडला. मंगळवारीच संध्याकाळी डब्लिन आणि सॅन होजे. दोन्हीच्या मधे मी किंवा माझी आयरिश सहकारी टिपण लिहून ठेवतो, काय ठरलं, कोणी करायचं, कोणत्या गावाच्या कोणत्या वारी. 'उद्या' हा शब्द त्यात लिहायचा नाही, कारण सॅन होजेच्या गुरुवार संध्याकाळी पुण्यात शुक्रवार उजाडत असतो. तिघं एकत्र बसतो महिन्यातून एकदाच, पाऊण तास.

पुण्याचा दीड म्हणजे हिवाळ्यात आमचे आठ. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो, मीटिंग सुरू होते तेव्हा खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो आणि हीटर नुकता लावलेला असतो. माझ्या आयरिश सहकारिणीनं त्याला एका शब्दानं नकार दिला नाही, हे मुद्दाम लिहावंसं वाटतं.

काल गुरुवारी महिन्याची मीटिंग झाली. पुण्यात साडेआठ, इथे तीन, सॅन होजेत आठ. सव्वानऊला संपली. टेस्टिंगची मुलगी कॅमेरा बंद करता करता म्हणाली, "चला, सगळे थांबलेत, जेवायला बसते," आणि मागे ताटं मांडल्याचा आवाज आला. येत्या रविवारी, २ नोव्हेंबरला, अमेरिकेची घड्याळं मागे जातील. सॅन होजेच्या सहकाऱ्याला आजच मेसेज केला आहे की पुढची मीटिंग त्याच्याकडे सकाळी सातला येईल, आणि नाही जमलं तर टिपण मी लिहीन.