मॉडेमला कमी ऐकू यायचं

२००० साली सांगलीच्या घरात आमचा पहिला कॉम्प्युटर आला, विंडोज ९८ वाला, आत फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडणारं ५६केचं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट वेगाचं, इंटर्नल मॉडेम, आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे मागे खुर्च्या लावून बसलेले असताना स्क्रीनवर आलं एरर ६८०, म्हणजे डायल टोन, फोन उचलल्यावर वाजतो तो सूर, नाही. बाबांनी तडक रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला, "हा काय वाजतोय की!" वाजत होताच. परत डायल केलं, परत ६८०.

मग वायर काढून घाल, पिन फुंकून घाल, लाईनच्या ऐवजी फोन लिहिलेल्या भोकात तर नाही ना गेली ते टॉर्च मारून बघ, असं दोन दिवस चाललं. ६७६ आला असता तर पलीकडे लाईन बिझी, ६९१ आला असता तर पासवर्ड चुकला, त्यात आपली काही चूक तरी असते. इथे अख्ख्या घराला ऐकू येतंय आणि पेटीतलं ते येडं म्हणतंय टोनच नाही.

शेवटी गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला, कंट्रोल पॅनलमध्ये 'वेट फॉर डायल टोन'ची टिक काढली आणि वर एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एटीएक्स३ टाईप केलं. पाच मिनिटं, पन्नास रुपये. बाबांना ते पन्नास रुपये फार लागले, पण मला त्याने सांगितलेलं कारण इतकं आवडलं की आजही कुणी विषय काढला तर मी ते सांगितल्याशिवाय सोडत नाही. अमेरिकेतला डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, आपला ४०० हर्ट्झचा आणि त्यात २५ हर्ट्झची थरथर, म्हणून तर तो जरा घरघरल्यासारखा वाजायचा. आमच्या मॉडेमचा कान तिकडच्या सुरावर लावलेला, त्यामुळे इकडचा टोन त्याच्या हिशेबात टोनच नव्हता. एक्स३ म्हणजे त्याला सांगायचं, बाबा रे तू ऐकत बसू नकोस, सरळ नंबर फिरव, फक्त एंगेज टोन आला तर तेवढं सांग.

आणि लागलं की! ती किरकिर, तो टूंऽऽ, मग खरखर, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याचं दाखवणारे चित्रातले दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकायला लागले. स्पीड ३१२०० दाखवत होता, ५६के कुठे गेले हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

पहिलं मेलचं पान अर्धं उघडलं होतं तेवढ्यात आतल्या खोलीत आजीने त्याच लाईनवरचा पॅरलल फोन उचलला, नीट कान देऊन ऐकलं, "राँग नंबर" म्हणाली आणि ठेवून दिला.