कोणतं चित्र तुझं?

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. उन्हाळी शिबिराच्या फॉर्मवर पालक 'येतं', 'थोडं येतं', 'येत नाही' यांपैकी एकावर खूण करतात. पण सहा वर्षांचं पोर काठावरून उडी घेतं, ते स्वतःला काय वाटतं त्याच्या भरवशावर. ते वाटणं कळल्याशिवाय त्याला पाण्यात सोडू नये, या मताची मी आहे.

त्यासाठी चांगलं साधन उपलब्ध आहे. बेल्जियमचे बोरिस जिडोव्हत्सेफ आणि युरोपातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची मापनपट्टी तयार केली. त्यात पाण्यात करायच्या १७ गोष्टी आहेत: पाण्यात उतरणं, बुडबुडे सोडणं, उताणं तरंगणं, उडी मारणं वगैरे. प्रत्येकीची तीन चित्रं असतात. एकात मुलाला ते जमत नाहीये, दुसऱ्यात जमत आलंय, तिसऱ्यात छान जमतंय. मुलानं फक्त स्वतःच्या चित्रावर बोट ठेवायचं. गुण १, २ किंवा ३, म्हणजे बेरीज १७ ते ५१ च्या मधे कुठेतरी. चित्रांची ही वाट सुझन हार्टर आणि रॉबिन पाइक यांनी १९८४ सालीच दाखवून दिली होती, मात्र त्यांचे प्रश्न पोहण्याचे नव्हते. या वयातल्या बऱ्याच मुलांना नीट वाचता येत नाही, आणि नुसतं तोंडी विचारलं तर पोरं प्रश्न संपायच्या आत मान डोलावतात.

एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या टाकल्या. तलाव मुद्दाम पाठीमागे ठेवला, कारण पाणी दिसलं की मुलांचं लक्ष उडतं. एकेकाला बोलावत होते.

पोहण्याचा पोशाख आणि दंडांना हवा भरलेले गुलाबी पट्टे घालून एक मुलगी आली. प्रत्येक वेळी बोट तिसऱ्या चित्रावर, माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच. मी ते तसंच लिहून घेतलं. सगळं झाल्यावर तीच कार्डं पुन्हा समोर धरली आणि म्हटलं, "चित्रातल्या हिच्या दंडाला काय आहे, बघ बरं." तिनं चित्र पाहिलं, मग स्वतःचा दंड पाहिला. पट्ट्याची हवा एकदा दाबून बघितली. तरंगण्याच्या कार्डावरचं बोट सरकत सरकत पहिल्या चित्रावर आलं. बुडबुड्यांच्या कार्डावर मात्र ते तिसऱ्यावरून हललं नाही. ही उत्तरं मी वेगळ्या रकान्यात लिहिली, पहिली खोडली नाहीत. मघाशीही ती खोटं बोलत नव्हती. पट्टे घालून तिला खरोखरच सगळं येत होतं.

तिच्यानंतर जो मुलगा आला त्याच्या फॉर्मवर 'येत नाही'वर खूण होती. उडीचं कार्ड दिसताच त्याचं बोट तिसऱ्या चित्रावर पडलं. बुडबुडे सोडण्याच्या कार्डावर पहिलं चित्र. "तोंड उघडलं तर पाणी आत जाईल ना?" उताणं तरंगायलाही पहिलंच. पुढे पोहत जाण्याच्या कार्डावर तो बराच वेळ थांबला, तीनही चित्रं नीट न्याहाळली आणि मधल्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "हा डोकं पाण्यात घालतो. मी नाही घालत." कुठे शिकलास विचारलं, तर गावाकडच्या विहिरीत, आजोबांनी पाठीला डबा बांधून सोडलं होतं. आता डबा लागत नाही, हेही त्यानं आपणहून सांगितलं.

पाण्यातली प्रत्यक्ष चाचणी आम्ही त्याच गोष्टींची घेतो. माझा सहकारी पाण्यात उभा, मी काठावर. मुलानं आधी खोली विचारली, एका हातानं नाक धरलं आणि मुटका मारला. वर आला तो मान ताठ ठेवून, हातपाय मारत थेट कठड्यापर्यंत. उताणं करायला सहकाऱ्यानं पाठीखाली तळवा धरला, तर कंबर खाली गेली, पाय खाली गेले आणि पोरगा सहकाऱ्याच्या मनगटाला लटकला. बुडबुडा एकही नाही. कार्डावर त्यानं जे सांगितलं होतं तेच पाण्यात दिसलं, एकेक गोष्ट अगदी तशीच. नुसती बेरीज पाहिली असती तर पहिल्या उत्तरांवरून ती मुलगी पट्टीची पोहणारी ठरली असती आणि हा कच्चा. म्हणून बेरीज पालकांना सांगूच नये, असं मी सहकाऱ्यांनाही आग्रहानं सांगते.

या वयात मुलं स्वतःला असतात त्यापेक्षा वरचढ समजतात, हे सर्वमान्य आहे. करावंसं वाटणं आणि करता येणं यांतली रेघ सात-आठ वर्षांपर्यंत पुसट असते. शिकण्यासाठी ते चांगलंच, नाहीतर पोरं दहादा पडून अकराव्यांदा उठली नसती. पण मैदानात पडलं तर गुडघा फुटतो. पाण्याजवळ एवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांच्या आतली. असा आकडा वाचला की मला आमच्या छोट्या तलावाचा काठ दिसतो, आणि वाळत टाकलेले ते गुलाबी पट्टे.

दुपारी मुलीच्या आईला दोन्ही रकाने दाखवले. "पण ती तर रोज म्हणते, मला येतं," त्या म्हणाल्या. मे महिन्यात ते सगळे कोकणात जाणार होते. मी सांगितलं की मुलीशी बोलताना दर वेळी 'पट्ट्यांशिवाय' हा शब्द घालून विचारा, आणि किनाऱ्यावर ती हाताच्या अंतरावरच राहील असं बघा. त्यांनी तो कागद मागून घेतला.

मुलाचे वडील त्याला मोठ्यांच्या बॅचमध्ये टाकायचं म्हणत होते. उडी बघून खूश झाले होते. मी नाही म्हटलं. मान वर काढून पोहणारा लवकर थकतो, आणि थकल्यावर उताणं पडून दम घेता येत नसेल तर गटांगळ्या खायची वेळ येते. त्याला छोट्या तलावातच ठेवला. दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून नाक बुडेपर्यंत पाण्यात, ओठ मिटून, नाकानं 'ऊं' म्हणत पहिला बुडबुडा काढायला लावला. नाक धरायची सवय मोडायला पुढचे बरेच दिवस गेले.