वारा ढकलायचा, ओढायचा नाही : आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत १९९८ साली भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांकडे पिल्लांना ऊब द्यायला तीनच गोष्टी होत्या. बल्ब, गॅस ब्रूडर आणि कोळशाची शेगडी. बल्बला वीज हवी, गॅस परवडत नाही आणि शेगडीचा धूर शेडमध्येच राहतो. निफाड-सिन्नरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. एक दिवसाच्या पिल्लाला ३२-३३ अंश लागतात. मधलं अंतर शेगड्यांनी भरायचं तर पडदे घट्ट बांधावे लागतात, आणि पडदे बांधले की धूर कोंडतो. सकाळी मजूर मेलेली पिल्लं घमेल्यांनी बाहेर काढताना मी पाहिले आहेत. लाकडावर चालेल, पण धूर शेडच्या बाहेर ठेवील असं गरम हवेचं मशीन, म्हणजे हॉट एअर हिटर, करायचं, एवढं एकच डोक्यात धरून आम्ही कामाला लागलो.

तत्त्व सगळ्यांना माहीत आहे. भट्टीत लाकूड जळतं, धूर नळ्यांतून फिरून चिमणीने बाहेर जातो, नळ्यांच्या बाहेरून हवा फिरते आणि गरम होऊन डक्टने खोलीत जाते. धूर आणि हवा एकमेकांना भेटत नाहीत. पण हे कागदावर. लोखंड तापतं, गार होतं, पुन्हा तापतं, आणि कधी ना कधी कुठेतरी चीर जाते. ती जाणारच, हे धरूनच मशीन करायला हवं. म्हणून पहिल्या मशीनपासून आमचा नियम ठरलेला आहे: ब्लोअर एक्स्चेंजरच्या, म्हणजे या नळ्यांच्या संचाच्या, आधी बसवायचा आणि हवा आत ढकलायची, धुराच्या बाजूला चिमणीपाशी ओढीचा पंखा (आयडी फॅन) लावून धूर ओढायचा. म्हणजे हवेच्या बाजूला दाब जास्त, धुराच्या बाजूला कमी. नळीला चीर गेलीच, तर हवा धुरात जाईल, धूर हवेत येणार नाही. चिरेमुळे थोडं लाकूड जास्त जळेल, पिल्लू मरणार नाही.

हे तपासायला आमच्याकडे फार मोठं उपकरण नव्हतं. लाकडी फळीवर ‘यू’ आकारात वाकवलेली प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी आणि मागे मिलिमीटरचा कागद. एक टोक हवेच्या बाजूला, एक टोक धुराच्या बाजूला. हवेकडचं पाणी खाली गेलं, धुराकडचं वर चढलं की मशीन पास. आज डिजिटल मॅनोमीटर आहे, पण ती फळी अजून टेस्टिंगच्या टेबलाशेजारी टांगलेली आहे आणि आमचे मिस्त्री डिजिटलवर विश्वास ठेवण्याआधी तिच्याकडे बघतात. हे मिस्त्री पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहेत. नळीचं टोक ट्यूब शीटमध्ये, म्हणजे नळ्या बसवायच्या भोकांच्या जाड पत्र्यात, फुगवताना एक्सपांडर (फुगवायचं हत्यार) किती फिरवायचा, हे ते मनगटाला लागणाऱ्या जोरावरून ओळखतात. कमी फिरवला तर गळती, जास्त फिरवला तर नळीची भिंत पातळ होऊन पहिल्याच हंगामात फाटते. नवीन पोरांना हे शिकवायला वर्ष जातं.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. दीड मीटर लांबीची नळी चारशे अंशांनी तापली की सात मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं वेल्डिंगने जाम केली तर त्या सात मिलिमीटरला जागाच नाही. मग एक तर नळी वाकते, नाही तर वेल्ड तुटतो. आम्ही गरम टोक पक्कं ठेवतो आणि गार टोकाची ट्यूब शीट सिरॅमिक रोपच्या पॅकिंगमध्ये सरकती ठेवतो. यात मजुरी जास्त जाते. भट्टीचा जिथे ज्वाळा थेट लागते तो भाग उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा (एसएस ३१०), बाकी बॉयलर क्वालिटीच्या नळ्या. इथे साधं लोखंड (एमएस) घातलं तर पापुद्रे सुटतात आणि दोन-तीन हिवाळ्यांत पत्रा कागदासारखा होतो.

२००५ च्या सुमाराला लोडशेडिंगने कहर केला. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. गॅस बंद करता येतो, डिझेल बर्नर वीज गेली की आपोआप बंद होतो, पण भट्टीत पेटलेलं लाकूड वीज गेली म्हणून विझत नाही. ब्लोअर थांबतो, नळ्यांवरची हवा थांबते, लोखंड लाल होतं. आयडी फॅनही बंद, म्हणजे धुराला ओढ नाही. त्यावर आम्ही पल्ला काढला. चिमणीच्या बुडाशी एक वजनदार झडप, विजेच्या चुंबकाने धरून ठेवलेली. वीज गेली की चुंबक सुटतो, झडप स्वतःच्या वजनाने पडते, धूर नळ्या टाळून सरळ चिमणीत जातो. त्याच दांड्याने भट्टीखालचं हवेचं दार बंद होतं आणि एक्स्चेंजरच्या डोक्यावरचं झाकण उघडतं, म्हणजे कोंडलेली उष्णता वर निघून जाते. यात एकही सेन्सर नाही, बॅटरी नाही. जे पडायचं ते पडणारच. ही आमची कल्पना आहे, हे मी ठासून सांगतो, कारण पुढे तिचं काय झालं ते सांगायचं आहे.

पण त्याआधी २००६. त्या हिवाळ्यात ऑर्डरी भरपूर होत्या, म्हणून आम्ही पुढच्या हंगामाचा पत्रा आणि नळ्या आधीच उधारीवर उचलल्या होत्या. १८ फेब्रुवारीला नवापुरात बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशातली पहिली नोंद. तिथे लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी आणि खाद्य नष्ट केलं, पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातही लागण निघाली. ज्यांच्या गावात काही नव्हतं त्यांचंही चिकन कोणी घेईना. आमच्याकडे अर्धवट मशीन उभ्या होत्या आणि रोज एक फोन येत होता: भाऊ, ऑर्डर राहू द्या, अ‍ॅडव्हान्स तेवढा परत करा. त्यांचंही चुकत नव्हतं. पण अ‍ॅडव्हान्स पत्र्यात गेलेला होता. बँकेच्या खेळत्या कर्जाची (सीसी) लिमिट भरलेली, पत्रावाला रोज दारात. आमची जुनी प्लेट रोलिंग मशीन बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं, भावही ठरला. ती गेली असती तर भट्टीचे गोल आम्ही दुसऱ्याकडून करून घेणारे झालो असतो, म्हणजे कारखानदार न राहता दलाल.

त्या दिवसांत नवापूरच्या काकांचा फोन आला. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांची स्वतःची लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, सगळी शेडं रिकामी झाली होती आणि त्यांचे पैसे आमच्याकडे अडकले होते. मला वाटलं, हेही तेच मागणार. ते म्हणाले, “भाऊ, शेड रिकामं झालं, मी नाही रिकामा झालो. मशीन पुरं करा. पिल्लं येतील तेव्हा थंडी माझ्यासाठी थांबणार नाही.” नुसतं बोलले नाहीत. उसाचं बिल जसजसं मिळालं तसतशी उरलेली रक्कम आधीच दिली. त्या पैशावर पत्रावाला शांत झाला आणि रोलिंग मशीन जागेवर राहिली. तेवढ्या काळात आम्ही अंबडमधल्या पेंट शॉपसाठी सुकवणीच्या खोल्या केल्या, रेशमाच्या कोवळ्या अळ्या वाढवतात त्या चॉकी खोल्यांसाठी छोटे हिटर केले. चॉकीचं गणित वेगळं: २७-२८ अंश, पण दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर, म्हणून गरम हवेच्या वाटेत पाण्याचा ट्रे ठेवावा लागतो, नाही तर तुतीचा पाला सुकतो. काकांचं मशीन पावसाळाभर ताडपत्रीखाली थांबलं आणि त्या थंडीत नवापूरला गेलं. अजून चालू आहे. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली तेव्हा आम्ही विचारायच्या आधीच काकांच्या मुलाचा फोन आला, की सर्व्हिसिंगचा माणूस नेहमीसारखा दिवाळीआधी पाठवा.

आता आमची नक्कल करणाऱ्या माणसाबद्दल. डक्टिंगची आणि चिमणीची कामं आम्ही ज्याला देत होतो, त्याचा आमच्या गाळ्यात रोजचा राबता होता, चहा आमच्याबरोबर. २००८ साली त्याने स्वतःचे हिटर काढले. धंदा करायला कोणाला ना नाही. पण त्याच्या कॅटलॉगवरचा फोटो आमच्या मशीनचा होता. राखेच्या दाराची कडी आमच्या मिस्त्रींनी बैलगाडीच्या जुन्या खिळीवरून घडवलेली आहे, ती दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. वर नाव त्याचं, किंमत आमच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी.

आणि मशीनच्या प्लेटवर आकडा: तासाला एक लाख किलोकॅलरी. मी ते मशीन एका शेतकऱ्याच्या शेडवर उघडून मोजलं. नळ्यांचं आणि भट्टीचं मिळून क्षेत्रफळ सहा चौरस मीटरही भरत नव्हतं. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला हवा अशा एक्स्चेंजरमध्ये चौरस मीटरमागे सात हजार किलोकॅलरींच्या वर आम्ही कधीच धरत नाही. म्हणजे लाखासाठी चौदा-पंधरा चौरस मीटर हवेत, ७६ एमएमच्या दीड मीटर लांब चाळीस नळ्या. त्याचं मशीन फार तर चाळीस हजारांचं. ते लाखाचं भासवायला त्याने ब्लोअर लहान ठेवला होता. वारा कमी केला की डक्टच्या तोंडाशी हवा चटका बसेल इतकी गरम येते, शेतकरी हात लावून खूश होतो. पण ती हवा सरळ छताला जाऊन बसते. डोक्याच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर ३४ दाखवतो आणि खाली तुसावर पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात.

हेही एक वेळ सोडलं असतं. पण त्याने ब्लोअर एक्स्चेंजरच्या नंतर बसवला होता, हवा ओढणारा. का, तर मोटर शेडच्या भिंतीला लावता येते आणि केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, हलक्या पत्र्याचं चालतं. नळ्या दोन्ही टोकांना वेल्ड करून जाम. पल्ला नाही. पहिल्या हिवाळ्यात चिरा गेल्या आणि ब्लोअरने धूर ओढून थेट पिल्लांवर सोडला. काही शेडमध्ये पूर्ण बॅच गेल्या. मरतुक का झाली हे कळायलाच लोकांना वेळ लागला, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि मग बाजारात काय पसरलं? “लाकडाचे हॉट एअर हिटर घेऊ नका, धूर मारतात.” त्याचं नाव कोणी घेतलं नाही. आमच्या ठरलेल्या ऑर्डरी गेल्या. एका मेळाव्यात एका पशुवैद्यांनी माझ्यासमोर हेच वाक्य सांगितलं. मी उभा राहिलो आणि ती फळी आणवून सगळ्यांसमोर आमच्या मशीनला लावून दाखवली. काहींना पटलं. बाकीच्यांनी गॅस ब्रूडर घेतले. पुढे त्याने आमच्या पल्ल्याचीही नक्कल केली, पण चुंबकाऐवजी स्प्रिंग घातली, आणि उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते हे त्याच्या गिऱ्हाइकांना महागात शिकावं लागलं. या सगळ्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुढची वर्षं बरी गेली. स्वतःची जागा झाली, माणसं वाढली.

जो कोणी हे वाचून हिटर घ्यायला निघणार आहे, आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, त्याने काही गोष्टी ऐकून घ्याव्यात. प्लेटवरचा आकडा विचारू नका, चौरस मीटर विचारा आणि मशीनचं वजन विचारा. ब्लोअर कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. आणि हिटरवर पैसे घालण्याआधी छताखाली पडदा बांधा. तीस फूट रुंद, पन्नास फूट लांब, दहा फूट उंच शेड धरा. बाहेर दहा अंश आणि आत बत्तीस हवे असतील तर तासाला साधारण त्रेचाळीस हजार किलोकॅलरी लागतात, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश उघड्या पत्र्यातून आणि पडद्यांतून बाहेर जातात. हवा बदलण्यावर जातात त्या उरलेल्या पावभागात. लोक उलटं करतात: छत उघडं ठेवतात आणि ऊब वाचवायला हवेची वाट बुजवतात. त्याने पिल्लांना प्राणवायू कमी पडतो आणि पुढे पोटात पाणी होतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. ओलं लाकूड जाळू नका, नळ्यांवर बसलेली काजळी आठवड्याला ब्रशने काढा. बंद करताना आधी आग, आणि नळ्या हाताला सोसतील इतक्या गार झाल्यावरच ब्लोअर. हे शेवटचं मी प्रत्येक दारावर रंगाने लिहून देतो, तरी लोक रात्री मेन स्विच ओढून झोपायला जातात.

त्या माणसाचं दुकान आता बंद आहे. त्याची मशीन अजून आमच्याकडे नळ्या बदलायला येतात. नळ्या बदलून तशाच परत द्यायच्या नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. ब्लोअर काढून एक्स्चेंजरच्या आधी घेतो, केसिंग जाड करतो, चुंबकाचा पल्ला बसवतो. एवढं करायला मालक तयार नसेल तर काम घेत नाही.

माझ्या मुलाने सध्या पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांचा, बर्नर हाती घेतला आहे. पेलेट स्क्रूने थोडे थोडे पडतात, म्हणून वीज गेली की आगीला नवं जळण मिळत नाही आणि पल्ल्यावरचा भार कमी होतो. तो म्हणतो, मग पल्ला काढून टाकू, खर्च वाचेल. मी नाही म्हटलं आहे. पहिलं मशीन पल्ल्यासकट दिवाळीआधी नवापूरला जाईल.