अंघोळीचे तीन प्रश्न : वृद्धांच्या सर्व्हेंचा डेटा जोडताना

महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या माणसांना रोजची कामं आपली आपण करता येतात का, आणि दहाएक वर्षांत त्यात काही फरक पडलाय का, एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी गावोगाव फिरायची गरज नव्हती, कारण माहिती आधीच गोळा झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ सर्व्हेची 2007-08 ची फेरी सहा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र आहे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या पुढाकाराने 2011 मध्ये सात राज्यांत वृद्धांची पाहणी झाली, त्यातही आहे. आणि मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा ‘लासी’ हा सर्व्हे तर जवळजवळ सगळ्या देशाचा. त्याची पहिली फेरी 2017-18 ची, 45 वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांवर माणसं. गंमत म्हणजे सेज आणि 2011 ची पाहणी या दोन्हींत असलेली राज्यं दोनच, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल.

डेटा मिळवणं ऐकून होते त्यापेक्षा सोपं गेलं. अर्जात नुसतं ‘संशोधनासाठी’ लिहिण्यापेक्षा प्रश्न काय, कोणती माहिती लागणार, गाईड कोण, हे नीट लिहिलं की पुढे खुलासे करत बसावं लागत नाही. अटी साध्या आहेत: फाइल दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि त्यातला माणूस कोण हे हुडकायचं नाही. आमच्याकडे “पेनड्राइव्हवर टाकून दे ना गं” म्हणणारे कमी नाहीत. त्यांना मी सरळ अर्जाची लिंक पाठवते.

खरी कसोटी लागली ती अंघोळीला.

लासीत विचारतात, अंघोळ करताना अडचण येते का? उत्तर हो किंवा नाही. तीन महिन्यांच्या आत बरी होईल अशी तात्पुरती अडचण धरायची नाही. सेजमध्ये गेल्या 30 दिवसांबद्दल विचारतात आणि उत्तराच्या पाच पायऱ्या असतात, ‘अजिबात नाही’पासून थेट ‘करताच येत नाही’पर्यंत. 2011 च्या पाहणीत अडचणीचा मुद्दाच नाही. तिथे प्रश्न मदतीचा. मदत लागत नाही, थोडी लागते, की पूर्ण लागते?

आता एखादी सत्तरीची बाई डोळ्यांसमोर आणा. गुडघे दुखतात, पण स्टुलावर बसून, नळाला धरून ती स्वतःच अंघोळ उरकते. लासीत ती अडचणवाली. सेजमध्ये ‘थोडी’ किंवा ‘मध्यम’, त्या महिन्यात थंडी किती होती त्यावरही असेल. 2011 मध्ये मात्र ती अगदी ठणठणीत, कारण मदतीला कुणी येत नाही. बाई तीच, गुडघे तेच. हे तीन आकडे एका आलेखावर शेजारी शेजारी मांडले आणि रेघ वर गेली, तर वृद्धांची तब्येत बिघडली असं म्हणायचं का?

सांख्यिकी शिकवणारे आमचे सर म्हणाले, “सॉफ्टवेअर जोडून देईल गं. तुला जोडायचंय का, ते तू ठरव.” शेवटी मी सेज आणि लासी जोडले, ‘थोडी अडचण’ एकदा आत धरून आणि एकदा बाहेर ठेवून. 2011 चे आकडे स्वतंत्र तक्त्यात ठेवले. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीचा नाद सोडला. दोन्हीकडे शब्द दहाच, पण सेजमध्ये यादी तीनदा वाचतात आणि लासीत एकदाच. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कुणालाही जास्त आठवणार.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागली. लासीचा आराखडा अमेरिकेत 1992 पासून चालू असलेल्या ‘एचआरएस’ या उतारवयातल्या लोकांच्या सर्व्हेच्या घराण्यातला आहे. इंग्लंडचा ‘एल्सा’, युरोपचा ‘शेअर’, चीनचा ‘चार्ल्स’ ही सगळी त्याची भावंडं. या सर्व्हेंच्या जुळवून घेतलेल्या फाइल्स दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक गट तयार करतो. त्यांत कॉलमची नावं ठरलेली: सुरुवातीला ‘आर’ म्हणजे उत्तर देणारा, ‘एस’ म्हणजे जोडीदार, त्यापुढे फेरीचा आकडा. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ यांनाही वेगवेगळ्या खुणा असतात, म्हणजे 98 हा कोड कुणाचं वय म्हणून सरासरीत घुसत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या आजोबांची तुलना चीनमधल्या आजोबांशी करणं हे आपल्याच राज्यातल्या दहा वर्षांपूर्वीच्या आजोबांशी करण्यापेक्षा सोपं झालंय. प्रश्नावली ठरवतानाच आधीच्या देशी सर्व्हेंतले चार-दोन प्रश्न शब्दशः ठेवले असते तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं.

बाकीचं काम किरकोळ. सर्व्हेतला एकेक माणूस किती जणांच्या वतीने बोलतो ते सांगणारे आकडे, म्हणजे ‘वजनं’, राज्याची वापरायची, देशाची नाही. वयाचे आकडे 60, 65, 70 वर गोळा होतात, कारण जन्मतारीख पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून दहा-दहा वर्षांचे गट केले.

डेटा वाटता येत नाही, पण तो कसा जोडला ते वाटता येतं. माझी स्टाटाची डू-फाइल, म्हणजे त्या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची फाइल, मी सगळ्यांना खुली ठेवली आहे. प्रत्येक निर्णयाशेजारी कारण लिहिलंय: हा पर्याय इकडे का, तो तिकडे का. ज्याला हवं त्याने स्वतः अर्ज करून डेटा घ्यावा आणि ती चालवावी. कोलकात्याच्या एका संशोधक ताईंनी राज्याचा कोड बदलून ती पश्चिम बंगालसाठी चालवली. माझ्या मुख्य तक्त्यांत मी ‘थोडी अडचण’ बाहेर ठेवली होती; ते त्यांना पटलं नाही आणि त्यांनी तसं सविस्तर लिहून कळवलं. मलाही माझं सोडायचं नव्हतं. मग तो निर्णय फाइलच्या वरच्या ओळीत आणला: तिथे 1 लिहिलं तर आत, 0 लिहिलं तर बाहेर. त्यांचे तक्ते 1 वर निघतात, माझे 0 वर, आणि प्रत्येक तक्त्याखाली तो आकडा छापलेला असतो.